दिवे लावणार म्हणजे लावणार!



१२ डिसेंबर २०२३. नागपूर, विधान परिषद. सारथीच्या फेलोशिपवर प्रश्न निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले, पीएचडी करून काय दिवे लावणार? प्रश्न मराठा-कुणबी पोरांचा होता. चटका महारा-मांगाच्या, कोळ्या-ठाकराच्या पोरांनाही बसला.

दिव्यांचं आम्हा अकोलेकरांना नका सांगू राव. भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं १९२६ ला. पाणी कालव्यांनी खालच्या उसात गेलं, विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून. डांगाणातल्या वाड्यांत चिमणीच जळत राहिली. पाणी कुठं न्यायचं, तार कुठून ओढायची हे कागदावर आखणारा आमच्या घरातला नव्हता. म्हणून मी, नुसता मॅट्रिक, पीएचडीवर लिहितोय.

अक्कल इथं कमी नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता गावरान बियाण्यांची बँक उभी करतात, त्यांना २०२० चं पद्मश्री जाहीर होतं. पण प्रयोगशाळेची किल्ली? पवईसारख्या देशातल्या आयआयटींत २०१५ ते २०१९ या काळात पीएचडीला जे घेतले, त्यांत अनुसूचित जातींचे ९.१ टक्के, जमातींचे २.१. हा आकडा संसदेत सरकारनंच दिलाय. आणि आरक्षण १५ अन् साडेसात! बाकीचं गेलं कुठं? २०२० ला तर केंद्राच्या समितीनं आयआयटींना प्राध्यापक भरतीत आरक्षणातून सूटच द्या म्हणून सुचवलं. म्हणजे उद्या पीएचडी, पोस्टडॉक सगळं करूनही आमचा माणूस गाईडच्या खुर्चीत बसायचा नाही, आणि मुलाखतीला टेबलापलीकडे तेच ते चेहरे.

आत शिरला तरी पोटाचं काय? बार्टीच्या फेलोशिपला ८६१ पात्र, देणार म्हणे २००. पोरं आझाद मैदानात बसली तेव्हा सरकार हललं. २४ डिसेंबर २०२३ च्या फेलोशिप परीक्षेत २०१९ च्या सेटचा जुना पेपर उचलून दिला. १० जानेवारीला पुन्हा परीक्षा, तर प्रश्नपत्रिकांना सील नाही! बहिष्कार घालावा लागला. हैदराबादचा रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती.

बाबासाहेबांनाही १९१७ ला, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या जहाजानं निघाल्या होत्या, ते पाणबुडीनं बुडवलं. मी गोदीत पेट्या उतरवतो, त्या पेट्यांचं ओझं मला कळतं. सिडनहॅमचा पगार साठवून, शाहू महाराजांची मदत आन् नवल भथेनांकडून उसनवारी घेऊन ते १९२० ला परत गेले. १९२३ ला डी.एस्सी. विषय रुपया!

शंभर वर्षांनंतरही आमच्या पोरानं उसनवारीच करायची?

फेलोशिप पगारासारखी एक तारखेला पाहिजे. मुलाखतीचे मार्क भिंतीवर लावा. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव आहे. तिथं संशोधनाला आमचे किती घेतले, तो फळा दर वर्षी गेटवर टांगा.

आणि तालुक्यातल्या एम.एस्सी., एम.टेक. झालेल्या भावा-बहिणींनो, घाबरून अर्ज भरायचं सोडू नका. जातवैधतेचा कागद अडला, फीला पैसे कमी पडले, तर आमच्याकडं या. आम्ही वर्गणी काढू, कचेरीत सोबत बसू.