पंप पाठीवर घ्यायच्या आधी वही उघडा

आज स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालंल.

आपल्या सोनपेठ भागात कपाशीला पहिली फवारणी कोणती अन् दुसरी कोणती, हे पेरणीआधीच ठरलेलं असतं. रानात पतंग आलेत का, किती आलेत, हे कुणी बघत नाही. शेजाऱ्यानं पंप काढला की आपलाबी पंप पाठीवर. याला शेती म्हणत नाहीत, उधारीवर विष विकत घेणं म्हणतात.

एकरी दोन कामगंध सापळे लावा, हे सांगून सांगून कृषी विद्यापीठवाले थकले. लावणारे लावतात, पण मोजतंय कोण? गुलाबी बोंडअळीचा हिशेब सोपा आहे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीचा विचार करायचा. आता सांगा, काल किती होते हे लिहिलंच नाही, तर ‘सलग तीन’ कसं कळणार? न मोजलेला सापळा म्हणजे काठीला बांधलेली पिशवी.

“एवढा वेळ कुणाला हाय?” असं विचारतात. २०१७ आठवा. बोंडअळीनं बोंडं पोखरली ती पोखरलीच, पण त्याच हंगामात यवतमाळकडं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. गरज नसलेली एक फवारणी टळली तर औषधाचा पैसा वाचतो, मजुरी वाचते आणि पंपवाल्याच्या अंगावर विष उडत नाही. त्यासाठी रोजची पाच मिनिटं जड जातात का?

दुसरी गोष्ट. आपल्याकडं अळी दिसली की शत्रू अन् फूल दिसलं की तण. रुईवरची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी कपाशीकडं ढुंकूनही बघत नाही. तिचं नारिंगी फुलपाखरू होतं. तरोट्यावरच्या हिरव्या अळीचं पिवळं फुलपाखरू होतं. त्यांच्यासाठी औषध कशाला? आणि किडींच्या अंड्यांत, अळ्यांत आपली अंडी घालणारे बारीक मित्रकीटक स्वतः पोट भरतात ते फुलांतल्या रसावर. बांधावर तणनाशक मारून कंबरमोडी, कुर्डू सगळं जाळलं, तर ते फुकटातले राखणदार थांबतील कशाला? गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटाच, त्याची बाजू मी घेत नाही.

कृषी सहायक, अभ्यासक साहेबांनाही विचारतो. तुमच्या तक्त्यात किडीला रकाना असतो, बांधावरच्या फुलाला आहे का?

“हे शहरातल्या कॅमेरेवाल्यांचे शौक,” असं म्हणणाऱ्यांना सांगतो. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९३३ मध्येच प्रकाश सापळा लावून रोजचे पतंग मोजायला सुरुवात झाली होती. तो शौक नव्हता, शेतीचंच काम होतं.

काय लिहायचं? तारीख, पाऊस, सापळ्यातले पतंग, बांधावर काय फुललं, त्यावर कोण बसलं. बस्स. पहिल्या मोठ्या पावसानंतर लाल केसाळ अळीचे पतंग दिव्यावर येतात, ती तारीख लिहा. तरोटा कधी फुलला ते लिहा. हरभरा फुलात आला की घाटेअळीच्या सापळ्यातला आकडा लिहा. नाव माहीत नसेल तर रंग लिहा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लेकराबाळांना कामाला लावा, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज. तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की तुमच्या रानाचं पंचांग तयार. परभणीचा अंदाज तुमच्या रानाला किती लागू पडतो, हेही त्यातच दिसंल.

दुकानदाराच्या वहीत आपली उधारी न चुकता लिहिली जाते, तारखेसकट. आपलं रान आपल्या वहीत कधी लिहिणार?