गोंगाट कोणाचा, बदनामी कोणाची?

नेदरलँड्समधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरात १९९० नंतर कष्टकऱ्यांच्या मुलांनी 'गॅबर' नावाचे कर्कश नृत्यसंगीत उचलून धरले. मिनिटाला १६० ते १९० ठोके, तुळतुळीत डोकी, अंगात ट्रॅकसूट. प्रस्थापितांनी त्याला गोंगाट म्हणून हिणवले. पुढे काही नवनाझी या गर्दीत घुसले आणि सरसकट सगळीच पोरे वंशद्वेष्टी ठरवली गेली. वकील म्हणून माझा सवाल आहे, गुन्हा माणसाचा असतो की पेहरावाचा?

'गॅबर' म्हणजे दोस्त. हा शब्द ज्यूंच्या यिडिश भाषेतून डच बोलीत आला. ज्या देशातील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू नाझींनी संपवले, तेथे ज्यूंचाच शब्द मिरवत ज्यूद्वेष करायचा, याहून मोठे अज्ञान कोणते?

मात्र या संगीतातले अनेक कलावंत गप्प बसले नाहीत. त्यांनी आपल्या रेकॉर्डवरच वंशवाद व फॅसिझमविरोधी घोषणा छापल्या. बदनामी बाहेरच्यांनी केली, पण घर साफ करण्याची जबाबदारी त्यांनी स्वतः उचलली. मैदान आपले असेल, तर तेथे कोणाचा झेंडा लागेल हेही आपणच ठरवले पाहिजे.