घटस्फोट कोणाचा, भार कोणावर?

घटस्फोट, दुसरा संसार, घरातील गुपिते असा विषय असलेला चित्रपट म्हटला की चळवळीतील कार्यकर्त्याच्या कपाळाला सहसा आठी पडते. पोटाची भ्रांत नसलेल्यांचे हे दुखणे. श्रमिकांच्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखे काय असणार, असा त्याचा सवाल असतो. हा सवाल अगदीच निराधार नाही. कौटुंबिक नाट्याच्या नावाखाली दिवाणखान्यातले उसासे आजवर पुष्कळ विकले गेले आहेत. परंतु या समजुतीमुळे काही मोलाच्या कृती दृष्टीआड होतात, हेही तितकेच खरे. इराणी दिग्दर्शक असगर फरहादी यांचा २०१३ सालचा ‘ल पासे’, म्हणजे ‘भूतकाळ’, हा फ्रेंच चित्रपट त्यांपैकी एक होय. मारीच्या भूमिकेबद्दल बेरेनीस बेजो या अभिनेत्रीला त्या वर्षीच्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. कथेच्या मध्यभागी घटस्फोट आहे यात शंका नाही. मात्र कथेच्या काठावर उभी असलेली एक कामगार स्त्री वगळली, तर ती कथा उभीच राहत नाही.

कथानक थोडक्यात असे. अहमद चार वर्षांपूर्वी आपली फ्रेंच पत्नी मारी हिला सोडून तेहरानला परतला आहे. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करण्यासाठी तो पॅरिसला येतो. मारी औषधांच्या दुकानात नोकरी करते आणि पॅरिसलगतच्या सेव्हरां या उपनगरात रेल्वेमार्गाच्या कडेला असलेल्या जुन्या घरात राहते. तिला आधीच्या विवाहापासून झालेल्या दोन मुली आहेत. आता तिला समीर या लाँड्रीवाल्याशी लग्न करावयाचे आहे. ती त्याच्यापासून गरोदरही आहे. समीरचा लहान मुलगा फुआद तिच्याच घरी वाढतो आहे. समीरची पत्नी सेलीन हिने मात्र धुलाईचे रसायन पिऊन आत्महत्येचा प्रयत्न केला असून ती रुग्णालयात बेशुद्धावस्थेत पडून आहे.

फ्रान्समध्ये परस्परसंमतीने विवाह मोडण्याची तरतूद १९७५ च्या कायद्याने झाली. त्यामुळे मारी आणि अहमद यांचा न्यायालयातील व्यवहार फारसा कटुपणा न होता उरकतो. ही सुधारणा लहान नव्हे. कोणाचा तरी अपराध सिद्ध केल्यावाचून सुटका नाही, ही जुनी सक्ती माणसांना खोटे बोलावयास लावीत असे. परंतु न्यायाधीशाने अपराधी शोधण्याचे थांबविले म्हणून माणसे तो शोधण्याचे थांबवीत नाहीत. मारीची थोरली मुलगी ल्युसी हिच्या मनात एकच प्रश्न सलतो आहे: सेलीनने विष का घेतले? आणि तिच्याजवळ त्याचे एक भयंकर उत्तर आहे. आई व समीर यांची प्रेमपत्रे ई-मेलने सेलीनकडे आपणच पाठविली, आपणच तिला मृत्यूच्या दारात लोटले, असे ती मानते.

येथून दोषाचा प्रवास सुरू होतो. ल्युसी अहमदजवळ कबुली देते. सत्य सांगितल्याने मन हलके होईल या सद्भावनेने अहमद तिला आईपुढे बोलावयास लावतो. आई संतापते, मग गोष्ट समीरच्या कानी जाते. सेलीनचा पत्ता मुलीला दिला कोणी? लाँड्रीत दूरध्वनी केला तेव्हा सेलीननेच तो दिला, असे ल्युसी सांगते. पण त्या दिवशी सेलीन दुकानात नव्हती! पत्ता देणारी होती नईमा, दुकानात काम करणारी मुलगी. ती परदेशातून आलेली आहे आणि तिच्याजवळ फ्रान्समध्ये राहण्याची कागदपत्रे नाहीत.

नईमाने असे का केले? समीरचे नईमाशीच संबंध आहेत असा सेलीनचा संशय होता. कपड्यावरील एका डागावरून गिऱ्हाइकाशी जे भांडण पेटले, तो पोलिसांना दुकानात आणून आपल्याला देशाबाहेर घालविण्याचा मालकिणीचा डाव होता, असे नईमा समजते. खरी व्यक्ती कोण हे सेलीनला कळले तर आपल्यावरचे बालंट टळेल, या आशेने ती पत्ता देऊन बसते. दिग्दर्शकाने तिला निष्पाप हरिणी बनविलेले नाही. तिने केले ते चूकच होते. पण ती चूक द्वेषातून जन्मलेली नसून भयातून जन्मलेली आहे, आणि ते भय तिच्या स्वभावातले नसून तिच्या परिस्थितीतले आहे. ज्याच्या खिशात कागद नाही, त्याच्या बाबतीत पोलिसाची नुसती चाहूलही शिक्षेसारखीच असते.

सत्य उघड झाल्यावर समीर नईमाला कामावरून काढून टाकतो. त्या प्रसंगी ती जे विचारते ते कथेचे मर्म आहे. सेलीनने ती पत्रे वाचली असती, तर ती मारीकडे किंवा समीरकडे गेली असती. माझ्यासमोर येऊन तिने विष का घेतले असते? चित्रपट या प्रश्नाचे निश्चित उत्तर देत नाही. पत्रे वाचली गेली की नाही, हे शेवटपर्यंत संदिग्ध राहते. पुरावा संदिग्ध, पण शिक्षा मात्र निश्चित, आणि ती एकटीलाच!

सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासात कराघात आणि करभार असा भेद केला जातो. कायदा कर बसवितो एकावर; तो मनुष्य किमतीतून तो दुसऱ्याकडे सरकवितो, दुसरा तिसऱ्याकडे; आणि ज्याला तो पुढे ढकलता येत नाही त्याच्या माथ्यावर भार कायमचा बसतो. दोषाचे संक्रमण नेमके असेच होते. येथे प्रत्येक व्यक्ती वाईट आहे असे नाही. उलट बहुतेक जण भले आहेत. अहमद तर तुंबलेली मोरी साफ करणारा, मुलांना रांधून वाढणारा सहृदय मनुष्य आहे. पण तो विमानाने परत जाऊ शकतो. ल्युसीला आई आहे, मारीला नोकरी आहे, समीरला दुकान आहे. नईमाजवळ दोष पुढे ढकलण्यासाठी कोणीच नाही. सत्य बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, ही गोष्ट अहमदच्या ध्यानात येत नाही. प्रेक्षकाच्या मात्र यावी.

हा योगायोग म्हणावा, तर फरहादी यांचा आधीचा चित्रपट, २०११ सालचा ‘जुदाई-ए-नादेर अझ सिमिन’, हाही असाच आहे. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल आणि पुढे २०१२ मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तेथे तेहरानमधील नादेर व सिमिन हे सुस्थित जोडपे वेगळे होऊ पाहते. सिमिन घर सोडते म्हणून नादेरच्या स्मृतिभ्रंश झालेल्या पित्याची शुश्रूषा करण्यास राझिये ही गरीब, गरोदर स्त्री कामावर येते. खणातील पैसे नाहीसे होताच चोरीचा आळ येतो तो तिच्यावर. वास्तविक ते सिमिनने हमालांना दिलेले असतात. जोडपे मोडते वरच्या मजल्यावर आणि ढिगारा कोसळतो तो खालच्या घरावर. दोन देश, दोन कायदे, दोन भाषा. न्याय मात्र एकच.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. घरात वस्तू सापडेनाशी झाली की प्रथम मोलकरणीची पिशवी तपासणारी कुटुंबे आपल्या शहरांतून कमी नाहीत. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप केला, तेव्हा एकेका घरात एकटी असलेली ही कामगार स्त्री प्रथमच रस्त्यावर समूहाने दिसली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. मधल्या २८ वर्षांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

फ्रान्समध्येही कागदपत्रे नसलेले कामगार गप्प बसलेले नाहीत. १९९६ साली पॅरिसच्या सँ-बेर्नार चर्चमध्ये त्यांनी आश्रय घेतला आणि पोलिसांनी दारे फोडून त्यांना बाहेर काढले. एप्रिल २००८ मध्ये उपाहारगृहांतील व अन्य ठिकाणच्या अशा कामगारांनी सेजेते या कामगार महासंघाच्या पाठिंब्याने संप करून वास्तव्याच्या परवान्यांची मागणी केली. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याहून मोठा संप झाला. ज्यांचे अस्तित्वच बेकायदा ठरविले गेले होते त्यांनी उघडपणे संप करावा, ही साधी घटना नव्हती. पण संप करावयास सोबती लागतात. समीरच्या लाँड्रीत नईमा एकटी आहे. मालक, मालकीण आणि नोकर एवढ्याच जगात तिचे वेतन, तिची अब्रू आणि तिचे भवितव्य मालकाच्या संसारातील शांततेवर अवलंबून राहते. तो संसार विस्कटला की तिची नोकरी जाणार, मग दोष कोणाचाही असो. कारखान्याच्या फाटकापाशी सभा घेणाऱ्या कार्यकर्त्यांना ही स्त्री भेटत नाही, कारण तिच्या दुकानाला फाटकच नसते.

आता चित्रपटाच्या उणिवेबद्दल. नोकरी गेल्यानंतर नईमा कोठे गेली, तिचे काय झाले, हे तो सांगत नाही. अखेरच्या दृश्यात समीर आपल्या अंगावर अत्तर लावून सेलीनवर ओणवतो आणि वास येत असेल तर हात दाब, अशी विनवणी करतो. तिच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळतो. दोन हातांवर चित्रपट संपतो. दृश्य हृदयस्पर्शी आहे आणि खरेही आहे. पत्नीला मृत समजून पुढे निघालेला मनुष्य मागे वळतो, यात एक प्रायश्चित्त आहे. परंतु त्याला जिच्याकडेही वळून पाहावयास हवे होते, ती दुसरी स्त्री तोवर पडद्यावरून नाहीशी झालेली असते. दिग्दर्शकालाही तिचा विसर पडला, की तिचा विसर पडतो हेच त्याला दाखवावयाचे होते? याचा निर्णय प्रेक्षकाने करावा.

घरातील प्रश्न आणि श्रमाचा प्रश्न यांची वेगवेगळी दालने करण्याची सवय चळवळीला जुनीच आहे. स्त्रियांच्या संघटनेने घराचे पाहावे आणि कामगार संघटनेने कामाचे, अशी वाटणी सोयीची खरी. पण नईमा त्या दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर उभी आहे आणि दोन्ही दालनांतून ती कोणालाच दिसत नाही. तिला पाहावयाचे असेल तर एखाद्या संध्याकाळी कार्यकर्त्यांनी एकत्र बसून हा चित्रपट पाहावा आणि त्यानंतरची चर्चा मारीपासून सुरू न करता नईमापासून सुरू करावी.