पाणी गार की कोमट?

एकाच घरात पिण्याच्या पाण्याच्या तीन तऱ्हा असतात. आजोबांना कोमट हवे, सुनेला माठातले, तर नातवाला फ्रिजमधले. यावरून वाद नको. ज्याला जे रुचेल ते त्याने प्यावे. मात्र दोन गोष्टी आवडीवर सोडू नका.

पहिली, पाण्याची शुद्धता. गार केल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत, नुसते कोमट केल्यानेही नाहीत. शंका असेल तर पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, मिनिटभर उकळा अन् झाकून निववा. मग हवे तर माठात भरा. माठात हात बुडवू नका, ओगराळे वापरा.

दुसरी, शेतातले पाणी. उन्हातल्या कॅनचे पाणी तापते. ते नकोसे वाटते, म्हणून माणूस तहान मारून काम रेटतो. वैशाखात हे जिवावर बेतते. माठातून पाझरलेले पाणी वाऱ्यावर सुकताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. हीच युक्ती बांधावर करा. सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला मडके ठेवा. मडके नसेल तर कॅनला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवा. कडक उन्हात तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या.

आणखी एक. रानात आडोसा नाही म्हणून खुरपणीच्या बायका दिवसभर पाणी टाळतात. त्यांच्यासाठी आडोशाची सोय करा. नाहीतर मडके कितीही गार असले तरी त्यांच्या उपयोगाचे नाही.