पाठलाग आणि नाकाबंदी

दुबई पोलिसांच्या ताफ्यातील बुगाटी वेरॉन या गाडीचा कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर. सेवेतील सर्वांत वेगवान पोलीस गाडी म्हणून २०१६ साली तिची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. तिची छायाचित्रे आपल्याकडे भ्रमणध्वनीवरून अधूनमधून फिरत असतात आणि त्यांखालचा शेरा ठरलेला असतो, ‘नाहीतर आमचे पोलीस!’ जुनी अॅम्बॅसिडर, जिप्सी आणि बोलेरो यांवर आयुष्य काढलेल्या पोलिसांची टवाळी करायला हे चित्र फार सोयीचे आहे. परंतु पर्यटकांच्या गर्दीत पोलिसांची प्रतिमा उजळावी, हाच त्या गाडीचा मुख्य उपयोग आहे आणि दुबईचे पोलीसही ते लपवत नाहीत.

इटलीच्या पोलिसांना २००४ साली लॅम्बोर्गिनी कंपनीने ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाची गाडी भेट दिली. अशा गाड्यांपैकी एक २००९ साली चक्काचूर झाली. तेव्हा ती कोणत्याही दरोडेखोराच्या मागे नव्हती. एका प्रदर्शनाहून परतत असताना दुसरी गाडी आडवी आली, एवढेच निमित्त झाले. याच कंपनीच्या पुढच्या गाडीचे नाव गाजले ते मात्र वेगळ्या कारणासाठी. प्रत्यारोपणासाठी निघालेले मूत्रपिंड तिने २०२० साली पादुआहून रोमला, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर अंतरावर, साधारण दोन तासांत पोहोचविले. वेगाचे सार्थक झाले असेल तर ते येथे झाले.

मग गुन्हेगाराला गाठायचे कशाने? याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र आठवावी. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना ठार करून अबू इस्माईल आणि कसाब यांनी पोलिसांचीच क्वालिस पळविली. पोलिसांचे वाहन, तेही पोलिसांविरुद्ध! तिचे चाक निकामी झाले, तेव्हा त्यांनी रस्त्यात एक स्कोडा हिसकावली. क्वालिसच्या मागील भागात सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली शिपाई अरुण जाधव गंभीर जखमी अवस्थेत पडले होते. दहशतवादी उतरून गेल्यावर त्यांनी वायरलेस गाठला आणि नियंत्रण कक्षाला खबर दिली. चंदेरी स्कोडाचे वर्णन शहरभर गेले.

त्या क्षणी मुंबई पोलिसांपाशी स्कोडाला मागे टाकणारी गाडी असती, तर काय झाले असते? फार तर मरीन ड्राइव्हवर एक भीषण पाठलाग झाला असता आणि एके ४७च्या गोळ्या आणखी कोणाच्या तरी अंगात शिरल्या असत्या. प्रत्यक्षात पाठलाग झालाच नाही. गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे लोक रस्त्यावर अडथळे लावून उभे होते. इस्माईलने गाडी वळविण्याचा प्रयत्न केला, ती दुभाजकावर चढली आणि अडकली. पुढचे सर्व जगाला ठाऊक आहे. हाती केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी पकडून ठेवली, गोळ्या स्वतःच्या देहावर झेलल्या आणि एक दहशतवादी जिवंत हाती लागला. पाकिस्तानातील कट जगापुढे सिद्ध करता आला, तो त्या जिवंत पुराव्यामुळे. ओंबळे यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

वायरलेसवरचा शब्द कोणत्याही इंजिनापेक्षा वेगाने धावतो, हे त्या रात्री दिसले. आणि तो शब्द पोहोचतो तेथे माणूस उभा असावा लागतो, हेही दिसले.

वेगाचे गणित निर्दय असते. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर कापते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. अमेरिकेत पोलिसांच्या पाठलागांतील अपघातांनी १९९६ ते २०१५ या वीस वर्षांत सरासरी ३५५ माणसे दरवर्षी दगावली. म्हणजे जवळजवळ रोज एक. त्यांतील साधारण दोन-तृतीयांश पळणाऱ्या गाडीतील होती. उरलेल्यांत बहुसंख्य, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, असे वाटसरू होते. रुंद, आखीव रस्त्यांच्या देशाची ही कथा. आपल्या रस्त्यावर त्याच वेळी बैलगाडी, शाळेची रिक्षा, दिंडी आणि उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार असतो.

ब्रिटनने या प्रश्नाकडे शिस्तीने पाहिले. लंडन पोलिसांची हेंडन येथील वाहनचालन शाळा १९३०च्या दशकातली. आजही तेथे मनात आले म्हणून कोणी पाठलाग करीत नाही. चालकाची त्यासाठी परीक्षा झालेली असावी लागते, प्रत्येक हालचाल नियंत्रण कक्षाला कळवावी लागते आणि धोका वाढला, तर कक्षातून ‘थांबा’ असा आदेश येतो. तो मानावाच लागतो. गुन्हेगार तात्पुरता निसटला तरी चालेल, ही गोष्ट स्वीकारायला मोठा संयम लागतो. आपल्या चित्रपटांनी घडविलेल्या मनाला ती भेकडपणाची वाटेल. शिवाय, २०२२च्या कायद्याने तेथील पोलीस चालकाच्या वर्तनाची तुलना सामान्य वाहनचालकाशी न करता त्याच्यासारख्याच प्रशिक्षित, दक्ष पोलीस चालकाशी करण्याचे ठरविले. कर्तव्य बजावताना आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहू, ही त्याची भीती त्यामुळे कमी झाली.

आपल्याकडे २०१७च्या वाहनचालन विनियमांनी आणीबाणीच्या प्रसंगी पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या वाहनांना वेगमर्यादा ओलांडण्याची मुभा दिली, मात्र योग्य ती काळजी घेण्याच्या अटीवर. ती काळजी म्हणजे नेमकी कोणती, हे चालक पोलीस शिपायाने भर चौकात क्षणार्धात ठरवायचे काय? कोणत्या गुन्ह्यासाठी पाठलाग करायचा, परवानगी कोणी द्यायची आणि तो सोडून देण्याचा आदेश कोणाचा, हे गृहखात्याने लेखी नियमांत मांडावे आणि नागरिकांनाही वाचायला द्यावे. चालक शिपायाकडे आपण ‘ड्रायव्हर’ म्हणून पाहतो. त्याच्या हाती साहेबांचा जीव असतो आणि रस्त्यावरच्या शेकडो अनोळखी लोकांचाही. त्याच्या प्रशिक्षणावरचा खर्च नव्या गाड्यांच्या खरेदीपेक्षा कमी महत्त्वाचा कसा मानायचा?

समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्यावे. २०२५च्या जूनमध्ये तो ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. मोटारींसाठी वेगमर्यादा १२०. त्यावरून बाहेर पडण्याचे मार्ग मोजके आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पथकर नाका आहे. अशा रस्त्यावर पळणाऱ्याच्या मागे जीव धोक्यात घालून धावण्यापेक्षा पुढच्या नाक्यावर त्याची वाट पाहणे केव्हाही शहाणपणाचे. त्यासाठी नाक्यावरचा माणूस सज्ज हवा. चाकांतील हवा काढणारे खिळ्यांचे पट्टे, अंधारात दुरून चमकणारे जाकीट, आडोसा आणि चालू स्थितीतला वायरलेस, एवढी सामग्री काही फार महाग नाही.

आज आपल्या नाकाबंदीचे दृश्य कसे असते? एखाद्या दुकानदाराची जाहिरात मिरविणारे, चाकांवरचे हलके लोखंडी बॅरिकेड आणि त्यापुढे हात वर करून उभा असलेला शिपाई. मद्यधुंद चालकाने नाकाबंदीतील पोलिसावर गाडी घातल्याची बातमी येते, चार दिवस हळहळ होते आणि नाक्यावर तेच बॅरिकेड पुन्हा उभे राहते. ओंबळे यांच्या हातात त्या रात्री लाठी होती. त्यानंतर इतकी वर्षे लोटल्यावर, आज रात्री आपापल्या शहरातल्या नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायापाशी लाठीखेरीज आणखी काय असते, याची माहिती गृहखात्याने येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी.