भाजीचा कारखाना कीं बियाण्याचें दुकान?

कोंकणांतील आमच्या एका वर्गणीदारांचें लांबलचक पत्र आलें आहे. त्यांचा पुतण्या कृषिविषयाचा पदवीधर असून दोन वर्षें सिंगापुरांत नोकरीस आहे. तेथें एका इमारतींत विजेच्या दिव्यांखालीं पालेभाजी पिकविण्याचा कारखाना निघत आहे व त्यांत भागीदार व्हावें, अशी त्याची इच्छा आहे. त्यासाठीं तीन भावांच्या सामाईक आंबराईचा एक तुकडा विकावा काय, असा प्रश्न घरांत उभा राहिला आहे. पत्रलेखकांच्या मातोश्री विक्रीच्या विरुद्ध आहेत. धाकटे बंधु अनुकूल आहेत. पुतण्याचें म्हणणें असें कीं, ज्या शहराला भाजी बाहेरून आणावी लागते, तेथें भाजी पिकविणाराला मरण नाहीं.

हें म्हणणें वरवर बिनतोड दिसतें. सिंगापूरचें क्षेत्रफळ सुमारें ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहून थोडें अधिक. वस्ती साठ लाखांच्या आसपास. शेतीस राखलेली जमीन शेंकडा एकच्या घरांत, आणि खाण्याचे पदार्थ शेंकडा नव्वदांहून अधिक परदेशांतून येतात. २०२२ च्या जून महिन्यांत मलेशियानें कोंबड्यांची निर्यात एकाएकीं बंद केली, तेव्हां परावलंबन म्हणजे काय हें तेथील गृहिणींना चुलीपाशींच समजलें. सरकारही स्वस्थ बसलेलें नाहीं. २०३० पर्यंत शहराच्या पोषणाची शेंकडा ३० गरज घरच्या घरीं भागवावी, असा संकल्प २०१९ सालीं जाहीर झाला होता.

परंतु तो संकल्प २०२५ च्या नोव्हेंबरांत बाजूस ठेवण्यांत आला, ही गोष्ट पुतण्यानें घरीं कळविलेली दिसत नाहीं! त्याच्या जागीं २०३५ ची मुदत व निराळे आंकडे आले: भाज्या, कडधान्यांचे मोड, अळंबीं यांच्या गरजेपैकीं शेंकडा २०, आणि अंडीं-मासळीच्या गरजेपैकीं शेंकडा ३०. असें कां झालें? २०२४ सालीं शहरांत खपलेल्या भाजीपैकीं तेथेंच पिकलेली शेंकडा तीनच्या जवळपास होती. अंड्यांचें प्रमाण मात्र शेंकडा तिसाच्या वर होतें. अंडें देणारी कोंबडी मजल्यावर मजला रचून ठेवतां येते. भाजीला सूर्य लागतो. आणि तो विकत घ्यावयाचा म्हटला कीं विजेचें बिल, थंड हवेचें बिल, भाडें आणि मजुरी हीं सारीं पालेभाजीच्या एका जुडीवर येऊन बसतात. शेजारच्या मलेशियांत कॅमेरॉनच्या डोंगरपठारावर उघड्या उन्हांत पिकलेली भाजी रातोरात मोटारीनें येते. तिच्याशीं भावांत टक्कर देतां देतां गेल्या कांहीं वर्षांत असे अनेक कारखाने बंद पडले आहेत.

मग त्या शहरांत बागायतीच्या धंद्याला वावच नाहीं काय? आहे, पण तो वजनाच्या मालांत नाहीं. तेथील इतिहासच पहा. १८७७ सालीं इंग्लंडांतील क्यू येथील उद्यानांतून रबराचीं २२ रोपें सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानांत आलीं. १८८८ सालीं उद्यानाचे प्रमुख म्हणून आलेले हेन्री रिड्ले ह्यांनीं झाडाला इजा न करितां चीक काढण्याची रीत बसविली आणि जो मळेवाला भेटेल त्याच्या हातांत रबराचें बीं ठेवण्याचा सपाटा लाविला. लोक त्यांना वेडा रिड्ले म्हणूं लागले. रबराचें बीं फार दिवस जगत नाहीं, म्हणून तें बांधून पाठविण्याच्या युक्त्याही शोधाव्या लागल्या. १९१७ सालापर्यंत त्या एका उद्यानानें ७० लाखांवर बिया वांटल्या होत्या. रबर पिकलें तें मलायाच्या मळ्यांत. सिंगापुरांत पिकलें तें ज्ञान. पुढें १९२८ पासून तेथेंच हॉल्टम ह्यांनीं धुळीसारखें बारीक ऑर्किडचें बीं कांचेच्या बाटलींत, निर्जंतुक खळींत रुजवून नव्या संकरित जाती काढण्यास आरंभ केला. आजही त्या शहराचा ऑर्किडच्या जगांत मान आहे.

पुतण्याची दृष्टि ह्या बाजूस वळावी, असें आम्हांस वाटतें. तेथील पांचांतील सुमारें चार रहिवासी सरकारी गृहयोजनेच्या उंच इमारतींत राहतात. त्यांच्यापाशीं जमीन नाहीं, पण सज्जा आहे, जिन्यासमोरील जागा आहे. २००५ पासून सरकारच्या उत्तेजनानें लोकांनीं मिळून केलेल्या बागा निघाल्या. २०१६ पासून अडीच मीटर लांब व एक मीटर रुंद असे वाफे भाड्यानें मिळूं लागले. २०२० सालीं महामारीच्या दिवसांत तर सरकारनें घरोघर भाजीच्या बियाण्याचीं पाकिटें फुकट वांटलीं. तीं मागणारीं कुटुंबें लाखांनीं मोजावीं लागलीं. ह्या लोकांना भाजी परवडत नाहीं असें नव्हे. त्यांना रुजवण्याची हौस आहे, आणि हौसेचा माल किलोच्या भावानें विकला जात नाहीं.

येथें खरी अडचण बियाण्याचीच आहे. विषुववृत्तालगतच्या त्या गांवीं हवा बारमाही दमट. बियाण्याचें आयुष्य तर ओलाव्यावर अवलंबून असतें. एका मर्यादेंत ओलावा शेंकडा एकानें उतरला तर साठवणीचें आयुष्य दुप्पट होतें, असा बियाणेतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. दुकानांत टांगलेलें कांद्याचें बीं तेथें लौकरच निर्जीव होतें. लेट्यूसचें बीं उष्म्यांत झोपून राहतें. थंड देशांतील फुलकोबीच्या जातींना गड्डा धरण्यास थंडी लागते, ती तेथें कधींच पडत नाहीं. नाळीची भाजी, लाल माठ, भेंडी, कढीपत्ता हीं मात्र जोमानें येतात. तेव्हां कोरडें राखलेलें, तेथल्याच हवेंत उगवून पाहिलेलें, लहान पाकिटांतलें बियाणें, तयार रोपें, आणि शाळांना व सोसायट्यांना बाग लावून देण्याचें शिक्षण, एवढें जो देईल त्याला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे जालन्यास १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं बियाण्याची कंपनी स्थापन केली व १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हां ह्या विद्येचें शिक्षण घेण्यास मराठी तरुणाला फार दूर जावयास नको. कुंडींत भरावयाचा काथ्याचा भुसा तर पत्रलेखकांच्या गांवींच मिळेल. फक्त तो गोड्या पाण्यांत धुवून त्यांतील मीठ काढलें पाहिजे, नाहींतर रोप करपतें.

मात्र बियाणें सामानांत कोंबून नेण्याचा उद्योग कोणीं करूं नये. परवाने व तपासणी आधीं पाहावी. अनारशांसाठीं नेलेली खसखससुद्धां त्या देशांत प्रतिबंधित मालांत मोडते, हें सुनांना निरोप देतांना सासूबाईंनीं ध्यानांत ठेवावें.

हा धंदा मोठा नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांत दोन वर्षें घरखर्च जेमतेम निघेल. म्हणूनच त्याला आंबराई विकावी लागत नाहीं. पुतण्यानें नोकरी न सोडतां एक भाड्याचा वाफा घ्यावा, दहा जातींचीं बियाणीं वर्षभर लावून उगवणीची वही ठेवावी, आणि ती वही काकांना दाखवावी. कारखान्याच्या भागीदारांकडूनही, भांडवल मागण्यापूर्वीं, गेल्या बारा महिन्यांचें विजेचें बिल पाहून घ्यावें. आंबराईचा कागद तोंवर मातोश्रींच्या पेटींतच असूं द्यावा.