जमाखर्चाची वही कोणाची?



घरखर्चाचे अंदाजपत्रक करा, ते वहीत लिहा आणि त्याला धरून चला, हा सल्ला बचत गटाच्या बैठकांत आपण नेहमी ऐकतो. सल्ला चांगलाच आहे. पण तो फक्त बाईलाच का दिला जातो, हा प्रश्न मला या अंकात मांडायचा आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपल्याला लहानपणापासून शिकवले. अंथरूण किती लांब आहे, हे मात्र घरात बाईला बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

गोंदिया जिल्ह्याचेच पाहू. इथल्या खेड्यांत महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरे थोडी. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास धानकापणी, असा पैसा हंगामाने येतो. पहाटे उठून जंगलात जाणे, पानांचे पुडे बांधणे, चिखलात वाकून रोवणी करणे, यातले बरेचसे काम बायांचेच. पण सातबाऱ्यावर नाव बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. त्यामुळे आधारभूत केंद्रावर विकलेल्या धानाची रक्कम त्यांच्याच खात्यात जाते. बाईच्या वाट्याला येतात किराणा, शाळेचा खर्च, आजारपण आणि गटाच्या कर्जाचा हप्ता. जमा एकाच्या हाती आणि खर्च दुसरीच्या माथी असेल, तर कितीही काटकसर केली तरी वही जुळत नाही. शेवटी कापले जाते ते तिचेच औषध.

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये बायांच्या खात्यात येऊ लागले. हक्काचा पैसा आला, हे चांगलेच झाले. पण ‘आता तुला सरकार देते ना’ म्हणत घरातल्यांनी हात आखडता घेतला, तर बाईची कमाई वाढत नाही, फक्त तिची जबाबदारी वाढते.

म्हणून माझे म्हणणे असे, की वही बाईची नको, घराची हवी. तिच्यात चार गोष्टी असाव्यात.

एक, अंदाजपत्रक वर्षाचे करावे. धान घरात आले की आधी खाण्याचे धान आणि बियाणे बाजूला काढावे. मग श्रावण-भाद्रपदातल्या ओढगस्तीसाठी रक्कम राखावी.

दोन, सगळ्यांची कमाई आणि सगळ्यांचा खर्च लिहावा. तेल-मिठाबरोबर खर्रा, दारू आणि मोबाइलचा रिचार्जही वहीत आला पाहिजे.

तीन, हप्त्यांची बेरीज करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज देताना कुटुंबाचे सगळे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. म्हणजे नवऱ्याची कमाई आणि त्याचे कर्जही या हिशोबात धरायचे आहे. सही आपली आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, असे कर्ज घेण्याआधी ही बेरीज करून पाहा.

चार, बाईच्या स्वतःच्या खर्चाचा वेगळा रकाना हवा. उरले तर तिला, असे नको.

ठरवलेले पाळायचे कसे, असे बाया विचारतात. दोघांनी मिळून ठरवले तरच ते पाळले जाते. ठरल्याबाहेरचा मोठा खर्च दोघांच्या होकाराशिवाय करायचा नाही, आणि महिन्यातून एकदा वही घरात मोठ्याने वाचायची, एवढे दोन नियम पुष्कळ झाले.

पण हिशोब विचारला म्हणून जिथे मार पडतो, तिथे वहीचे काय? तिथे प्रश्न काटकसरीचा नसतोच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला घरखर्चाला पैसे न देणे, तिचे स्त्रीधन हिरावणे, याला आर्थिक छळ म्हटले आहे आणि तोही हिंसाचारच मानला आहे. अशी बाई एकटी पडू नये, हे गटाचे काम आहे. आपण बचतीच्या रकमा काटेकोर मोजतो. तितक्याच काटेकोरपणे, कोणाच्या घरात हिशोब विचारता येत नाही, हेही गटाने जाणून घेतले पाहिजे.

पुढच्या बैठकीत पासबुकाबरोबर घराची वहीही घेऊन या. जिची वही कोरी राहिली असेल, तिला रागावू नका. ती कोरी का राहिली, ते विचारा. आपले काम तिथूनच सुरू होते.